तीन बोटांची शेणी

भाकरी कोण थापतंय हे मी भिंतीपलीकडून, डोळे मिटून सांगते. आमच्या आईची भाकरी थप-थप-थप, पाढे म्हटल्यासारखी सरळ. मागच्या मळ्यातल्या रंभाबाईची धपाधप, भाकरीनं काहीतरी गुन्हा केल्यासारखी. आणि सावित्रम्मांची ठप-ठप-सर्र, ठप-ठप-सर्र. तो सर्र म्हणजे काटवटीत भाकरी गोल फिरते त्याचा. सकाळी मिलचा भोंगा व्हायचा, मग अप्पांचा खोकला, आणि मग हे सुरू. तिसऱ्या भाकरीला मी उठायची. आमच्या घरात घड्याळ आहे, पण ते बाबांच्या शाळेसाठी.

सावित्रम्मा आमच्या घरमालकीण. सोलापूरच्या बाळीवेशीबाहेरच्या शेवटच्या ओळीतलं त्यांचं घर. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो: म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर असलेले बाबा, आई आणि मी. मागच्या भागात सावित्रम्मा आणि त्यांचे यजमान चनबसप्पा, ज्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते. त्यांच्या मागं परडं, परड्याला निवडुंगाचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं रंभाबाई माळणीचा मळा.

सावित्रम्मा उंचीनं माझ्या खांद्याला लागतात. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगावर इरकली लुगडं. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं कोंबडासुद्धा कानडीत आरवतो असं अप्पा म्हणतात. त्यामुळं त्यांचं मराठी त्यांचं स्वतःचं आहे. स्वतःबद्दल बोलताना त्या ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, आणि मला लीलव्वा म्हणतात. “लीलव्वा, बा इकडं. मी वांगं तोडलो. बघ की कसा चमकतंय, नवऱ्या मुलाचं जोडा असल्यागत!”

परड्यात शिरताना त्या वहाणा कुंपणाशी काढतात. देवळापुढं सगळेच काढतात. परड्यापुढं काढणाऱ्या मी एवढ्या एकच पाहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “माती पायाला कळली पायजे की. ओली हाय का वाळली हाय, हे डोळ्याला खोटं दिसतंय. तळपायाला खोटं कसं चालेल?” मग त्या वाफ्यावाफ्यातून फिरत, आणि प्रत्येकाशी वेगळ्या आवाजात बोलत. मेथीशी लाडात. दोडक्याच्या वेलाशी पाहुण्यासारखं अदबीनं. मिरचीशी बोलत नसत, मिरचीला बोललेलं खपत नाही म्हणे. आणि वांग्याशी मात्र सुनेशी बोलावं तसं: “पाणी पायजे तीन वेळा, फळ द्यायला लाजतंय होय? शेजारणीचं बघ. तिला शेणखत पण कमी, तरी पाच लागलंय.” तिसऱ्या दिवशी त्या वांग्याला फुलं यायची. मी तीच नक्कल आमच्या कुंडीतल्या तुळशीपुढं करून पाहिली. आईनं पाठीत धपाटा घातला.

त्यांच्या घरात विकतचं फारसं येत नाही. भांडी विसळलेलं पाणी अळूला, डाळ धुतलेलं पाणी मेथीला, आणि परड्यात आलेलं सगळं चुलीला. अंबाडी आली की ज्वारीच्या कण्या घालून गरगटा भाजी, वरून लसणाची फोडणी. ती फोडणी पडली की आमच्या स्वयंपाकघरात आई जोरानं स्तोत्र म्हणायला लागते. शेंगाची चटणी उखळातच. पाट्यावर वाटली तर सावित्रम्मा तिला चटणी म्हणत नाहीत, “पीठ” म्हणतात. ती झाली की नाही हे त्या बघत नाहीत, ऐकतात. आधी उखळ खडखड बोलतं, मग खसखस, आणि तेल सुटलं की पचपच. “साकु,” म्हणजे पुरे, म्हणून मुसळ थांबतं. आता मलाही कळतं.

आणि कडक भाकरी. पापडाएवढी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, आणि मग चुलीच्या कडेनं उभ्या करून ठेवायच्या, हातपाय शेकत बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या. संध्याकाळपर्यंत त्या अशा वाळतात की मोडली की कट् असा आवाज गल्लीच्या तोंडाशी जावा. महिनाभर टिकते. टिकू दिली तर.

आता आम्ही देशस्थ, त्यामुळं आईचा हुकूम असा की तिकडचं शिजलेलं काही खायचं नाही. हा हुकूम ती रोज देते. परड्यातून मी तोंड पुसत आले की आधी म्हणते, “खाल्लं नाहीस ना काही?” मी म्हणते, “नाही.” मग दुसरीकडं बघत म्हणते, “परवापेक्षा तिखट होती का गं?”

आता वाळकाचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे.

वाळूक म्हणजे काकडीचं भावंड. कोवळं असताना कोशिंबिरीला चालतं, पिकलं की आपोआप तडकतं. सोलापुरात वाळकं खंडीभर मिळतात. पण सावित्रम्मांचं वाळूक वेगळं. पिवळ्या अंगावर हिरवे पट्टे, आत दूधपांढरा गर, आणि पिकलं की असा वास की बाबासुद्धा वही तपासता तपासता मान वर करून म्हणायचे, “हे काय, अत्तरवाला आला की काय?” गुळाबरोबर खाल्लं तर दुसरं काही बोलायला सुचत नाही.

त्या अकरा वर्षांच्या असताना सासरी निघाल्या, तेव्हा आईनं त्यांच्या पदराच्या गाठीत या वाळकाचं बी बांधलं होतं. आई पुढं वारली. भावांनी शेत विकलं. घेणाऱ्यानं तिथं कापूस लावला. त्या गावात आता ते वाळूक कुणाला माहीत नाही. “माझं माहेर कुठं हाय माहीत काय?” त्या मला एकदा म्हणाल्या. “भिंतीवर.”

खरंच भिंतीवर होतं. दरवर्षी पिकलेलं एक वाळूक बियाणाला ठेवायचं, बी धुवून राखेत घोळायचं, शेणात कालवायचं आणि शेणी, म्हणजे आपली गोवरी, थापतात तसं परड्याच्या भिंतीवर थापायचं. शेणाला कीड लागत नाही. पुढच्या मृगापर्यंत बी त्या थापटीत झोपतं. बाजूला जळणाच्या शेण्याही असतात, तेव्हा घोटाळा नको म्हणून या एका थापटीवर त्या राखेची तीन बोटं ओढायच्या, कपाळावर ओढतात तशी. त्या खुणेला कोण हात लावणार?

बी त्या कुणाला देत नसत. फळ द्यायच्या. गल्लीत घरटी अर्धं वाळूक जायचं, पण पोट चमच्यानं स्वच्छ उकरून. रंभाबाई दरवर्षी कुंपणावरून मागायची.

“सावित्रम्मा, चार दाणं दे की गं.”

“फळ दिलो की.”

“फळ दिलंस, पर आतडी काडून! आसं कुनी देतं व्हय? माज्या मळ्यात चार वेल चढलं तर तुजं काय जातंय?”

“तुझ्या मळ्यात शेजारी काकडी हाय. संकर होईल. माझ्या आईचं वाळूक तुझ्या काकडीसंगं पळून गेलं तर?”

“आगं, माजी काकडी गरीब बाई हाय, ती कुनाला पळवत न्हाय!”

इथवर गोड. पण आणखी एक भानगड होती. दरवर्षी वेलावरचं एक पिकलेलं वाळूक नाहीसं व्हायचं. अगदी तडकायच्या दिवशी. मग सावित्रम्मा कुंपणाकडं तोंड करून, पण कुणाचंही नाव न घेता म्हणायच्या, “ज्याच्या पोटात गेलं त्याला शिव बघून घेईल!” आणि पलीकडून उत्तर यायचं, “शिवाला रिकामं काम हाय व्हय! म्या न्हाय घेतलं! तुज्या वाळकाला सोनं लागलंय काय!” की मग दोघी आठ दिवस एकमेकींकडं पाठ करून भाजी तोडायच्या. माझी त्या आठवड्यात चंगळ असे. दोन्ही आवाज ताजे ताजे मिळायचे. अप्पा त्या वेळी खाली मान घालून जपमाळ ओढत असत. एवढे धार्मिक ते एरवी नव्हते.

मागच्या वर्षी पाऊस उशिरा पडला, वेलाला भुंगेरे लागले, आणि दोनच वाळकं पिकली. त्यातलं एक नेहमीसारखं गेलं. उरलं एक. त्याची एक थापटी भिंतीवर लागली. सावित्रम्मांनी तीन बोटं ओढली आणि म्हणाल्या, “यंदा एवढंच माहेर.”

वैशाखात विहिरीच्या काठावर त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, “सव्वा महिना या हातानं काही करायचं नाही.” सावित्रम्मा म्हणाल्या, “भाकरी पण नाही?” वैद्य म्हणाला, “भाकरीच नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला, खोकला झाला, आणि पुढं काहीच नाही. मी अंथरुणात कान लावून पडले. बऱ्याच वेळानं आवाज आला. थप. मग खूप वेळ काही नाही. मग थप. मग “अय्यो.”

अप्पा भाकरी थापत होते.

अप्पांचं भुसाराचं दुकान आहे. आता पुतण्या बघतो, अप्पा अर्धा दिवस गादीवर बसून येतात. मूठभर ज्वारी हुंगून ती कुठल्या गावची हे सांगण्याबद्दल त्यांची पेठेत ख्याती आहे. पण तिची भाकरी कशी होते हे त्यांनी साठ वर्षांत बघितलं नव्हतं. आई म्हणाली मी रोज चार भाकऱ्या करून देते, पण सोवळ्याओवळ्याची अडचण आमच्याइतकीच त्यांचीही होती. त्यांच्या चुलीला आमचा हात चालत नाही. मग अप्पाच. सावित्रम्मा पाटावर हात गळ्यात बांधून बसलेल्या, आणि त्यांचा हुकूम चाललेला:

“पाणी थोडं. थोडं म्हटलो! ते थोडं हाय?”

“दुकानात आम्ही याला थोडंच म्हणतो.”

“आता पीठ मळा. मळा म्हटलो, गोंजारू नका. तळव्यानं दाबा. हं. आता थापा. फिरवा. फिरवा!”

“मी फिरवतो, ती फिरत नाही!”

“मग तुम्ही तिच्याभोवती फिरा.”

पहिली भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली असं मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, तसा नकाशा कुठं नसतो, मुंबई इलाख्याचा असतो. मी म्हटलं, मग सिंधसकट इलाख्यासारखी झाली.

आठ-दहा दिवसांत अप्पांना जमायला लागलं. थप… थप-सर्र. तेही मग खूश. कुणी विचारलं नाही तरी पेठेत सांगत फिरायचे, “भाकरीचं सगळं पाण्यावर असतंय बघा.” परड्याला पाणीही अप्पाच घालायचे. वहाणा काढून बरं का. एकदा मला म्हणाले, “लीलव्वा, वांग्याला काय बोलते ही? मी बोललो तर ऐकत नाही.” मी सावित्रम्मांच्या आवाजात बोलून दाखवलं. अप्पांनी तसंच्या तसं पाठ केलं.

सावित्रम्मा मात्र सुकत चालल्या. बाईला हात रिकामा ठेवायची सवय नव्हती. डाव्या हातानं शेंगा सोलायच्या, घेवड्याच्या शिरा काढायच्या, पण त्यात मजा नाही म्हणायच्या. “दुसऱ्याच्या तोंडानं जेवल्यागत वाटतंय.” अप्पांना ते बघवेना. बायकोला काहीतरी द्यावं, आपल्या हातानं केलेलं, असं त्यांच्या मनात आलं. आणि इथंच घात झाला.

सोमवार होता. घरातली विभूती संपली होती. पुष्कळ लोक मठातून आणतात. पण सावित्रम्मा वर्षाला लागेल तेवढी शिवरात्रीच्या सुमाराला घरीच करायच्या: गाईच्या शेणाच्या वेगळ्या शेण्या थापून, सोवळ्यात जाळून, राख वस्त्रगाळ करून. अप्पांनी ठरवलं, आज आपण करू. सावित्रम्मांची आंघोळ व्हायच्या आत. ते परड्यात गेले. भिंतीवर बघतात तर दहा-बारा साध्या शेण्या, आणि एकीवर विभूतीची तीन बोटं!

अप्पांना वाटलं, हीच ती. विभूतीसाठी वेगळी काढून ठेवलेली. खूणच केलीय बिचारीनं.

त्यांनी हातपाय धुतले, ओलं धोतर नेसले, ती शेणी दोन्ही हातांवर घेऊन आत आले, आणि मंत्र म्हणत म्हणत जाळली. मी त्या वेळी ओट्यावर केस विंचरत होते. आतून तडतड, तडतड असा आवाज आला. मला वाटलं अप्पा लाह्या भाजतायत. आज इतके दिवस झाले, त्या तडतडीची मला कुणाला नक्कल करून दाखवता येत नाही, करावीशी वाटत नाही.

राख गाळून, चांदीच्या वाटीत घेऊन ते सावित्रम्मांपुढं आले. सावित्रम्मांचा चेहरा फुलला. “तुम्ही केलात?” त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं वाटीत बुडवली आणि कपाळावर ओढली. मग दंडाला लावली, मोडलेल्या मनगटावर कामट्यांच्या वर लावली. मऊ झालीय म्हणाल्या. मग सहज विचारलं, “शेणी कुठली घेतलात?”

“तुझीच. भिंतीवरची. तीन बोटांची.”

सावित्रम्मांनी वाटी बाजूला सारली. कपाळाला हात लावून बसल्या. मग तो हात खाली घेऊन बोटांकडं बघितलं. ती राख त्यांनी पुसली नाही. माहेरची होती ना.

मग उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि राहिलेल्या राखेत डाव्या हातानं चाचपत बसल्या. चार-पाच दाणे सापडले. काळे, फुटलेले, आत काही नाही. अप्पा मागं ओल्या धोतरात उभे. “मला वाटलं…” म्हणाले. “मला वाटलं…” पुढचं वाक्य त्यांना तीन दिवस जुळलं नाही.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या देतील म्हणून मी कान टवकारून बसले होते, खोटं कशाला सांगू. पण शिवी आली नाही. अप्पांना जेवा म्हणाल्या. पाणी थोडं घाला म्हणाल्या. परड्यात मात्र गेल्या नाहीत. वाळकाच्या आळ्यासाठी खड्डा शेणखत घालून तयार होता, त्याच्याकडं पाठ करून बसत.

अप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले. बाबांनी त्यांना धीर दिला. बाबांचा धीर असा असतो: “हे पाहा, चनबसप्पा, डोन्ट वरी. सरकारचं ॲग्रिकल्चर खातं आहे. आपण एक ॲप्लिकेशन करू. अमुक जातीचं वाळूक, अमुक वर्णन. ड्राफ्ट मी करतो.”

“साहेबाला त्याचा वास कसा लिहिणार, मास्तर?”

ॲप्लिकेशनमध्ये वासाचा कॉलम नव्हता.

मृगाला आठ दिवस राहिले होते. रंभाबाईनं कुंपणावरून एक टोपली पुढं केली. “सावित्रम्मा, ही माजी वाळकाची बी हाय. तुज्यावानी न्हाय, पर वाळूकच हाय की. लाव.” सावित्रम्मांनी टोपली घेतली, “चांगलं हाय” म्हणाल्या आणि कोनाड्यात ठेवून दिली. कोनाड्यात ठेवलं म्हणजे लावणार नाहीत, हे रंभाबाईलाही कळलं. पण ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, “आई आटवती व्हय गं?” आणि दोघी कितीतरी वेळ कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

त्या दुपारी अप्पा ईरप्पाच्या घाण्यावर गेले. ईरप्पा त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, करडईचं तेल काढतो. नाकात कायम तपकीर, त्यामुळं त्याचं बोलणं नाकातून येतं. पुढचं मला त्यानंच सांगितलं, त्यामुळं ते त्याच्या नाकातूनच ऐकायला हवं.

“चन्या आला आणि पोत्यावर बसला. तोंड असं, घाण्यात घातल्यागत. मी म्हटलं, काय बे, कोण मेलं? बोलेना. मग मी आपला बियांचा डबा पुढं केला. मला सवय हाय, कुठलंबी बी टाकत नाही. टरबूज, खरबूज, भोपळा, सगळं वाळवून डब्यात. बसल्या बसल्या सोलून खायचं. म्हटलं, घे बे, चार दाणं सोल, जीव रमतो. त्यानं डब्यात हात घातला आणि थिजलाच की. डोळे असे! म्हणतो, ईरप्पा, मागच्या साली आपण खाल्लेल्या वाळकाच्या बिया तू काय केलास? म्हटलं, ह्यातच की. म्हणतो, भाजलास? म्हटलं, यंदा भाजायचं राहिलंच बघ. त्यानं डबा उचलला आणि पळाला. ह्या वयात! धोतराचा सोगा माझ्या बैलाच्या पायात आला, बैल थांबला, घाणा थांबला.”

म्हणजे आता कळलं ना, दरवर्षी एक वाळूक कुठं जायचं?

अप्पा पळत आले ते थेट परड्यात. सावित्रम्मा पायरीवर बसल्या होत्या. कुंपणापाशी रंभाबाई अंबाडी खुडत होती. मी लिंबाच्या आडोशाला होते. अप्पांनी डबा पुढं ठेवला.

“ह्यात तुझं बी हाय.”

सावित्रम्मांनी झाकण काढलं, आत बघितलं, वर बघितलं. “कुणाचं डबा?”

“ईरप्पाचं.”

“ईरप्पाकडं माझं बी कसं गेलं?”

अप्पांनी एकदा कुंपणाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, एकदा आभाळाकडं. डबा घेऊन परत जाता आलं असतं तर गेले असते. पण मग बी पण गेलं असतं.

“वाळूक गेलं,” ते म्हणाले. “बी त्याच्या पोटात होतं.”

“वाळूक कोण नेलं?”

“मीच.”

“कधी?”

“…दर साली.”

अंबाडीची जुडी कुंपणापलीकडं खाली पडली.

“आगं बाई माजे!” रंभाबाई ओरडली. “बारा वरसं! बारा वरसं मी चोर! आनि ह्यो बाबा माळ वडत बसायचा! म्हाताऱ्या, तुज्या माळेत मनी हायत का वाळकाच्या बिया रं?”

“तू दिलेलं पोट उकरलेलं असायचं,” अप्पा बायकोला म्हणाले, अगदी हळू. “बियांभोवतीचा गर खायला मला फार आवडतं. तुझ्याकडं मागितलं तर तू बी मोजून ठेवणार. म्हणून…”

सावित्रम्मा त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता तरी! पण त्यांच्या खांद्याला हलकासा झटका बसला, मग दुसरा, आणि त्या हसायलाच लागल्या. कामट्या बांधलेला हात दुसऱ्या हातानं धरून, “अय्यो, दुखतंय, अय्यो शिवा” करत हसल्या. “जाळलं पण तुम्हीच, आणि चोरलं म्हणून राहिलं पण तुम्हीच! आता तुम्हाला मी काय करू?”

मग सूप आलं. डबा त्यात ओतला. टरबुजाचं काळं, भोपळ्याचं पांढरं पसरट, खरबुजाचं पिवळं, आणि त्यात तीन जातींच्या वाळकांचं. मला सगळं एकसारखं दिसत होतं. सावित्रम्मा डावा हात सुपात फिरवत होत्या, डोळे अर्धे मिटून. दाणा बोटाच्या चिमटीत घ्यायच्या, अंगठ्यानं त्याची कड चोळायच्या, आणि टाकायच्या. टाकायच्या. टाकायच्या. मग एक दाणा ओठावर ठेवला, तसाच धरला, आणि बाजूला काढला. “आलं,” म्हणाल्या.

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत हे चाललं. कुणी उठलं नाही. रंभाबाई कुंपणाला वळसा घालून आली आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. ती यायची ही बारा वर्षांतली पहिली वेळ. अप्पांनी न सांगता चूल पेटवली. शेवटी सुपाच्या कोपऱ्यात नऊ दाणे झाले. माहेराहून येताना पदरात किती होते, मी विचारलं. “अकरा,” त्या म्हणाल्या. “दोन ईरप्पानं खाल्ला असेल.”

मृगात नऊ लावले. लावले अप्पांनी, वहाणा काढून, बोटाच्या दोन पेरांएवढे खोल. सावित्रम्मांनी शेजारी उभं राहून कानडीत काहीतरी म्हटलं, ते मला अजून जमलेलं नाही. पाच उगवले. एक गोगलगायीनं खाल्ला. चार वेल मांडवावर चढले.

कामट्या सुटल्या तेव्हा मनगट जरा वाकडं बसलं होतं. आता सकाळी ठप-ठप-सर्र असं होत नाही. ठप, ठप-ठप, सर्र… आणि एक भाकरी आड अप्पांची थप-थप. त्यांची फिरते आता. दोघांच्या भाकऱ्या मला वेगळ्या ओळखू येतात, पण चुलीभोवती उभ्या केल्या की कुणाची कुठली हे त्या दोघांनाही सांगता येत नाही. आईनं एकदा विचारलं, “अप्पांच्या हातची कशी असते गं?” मी म्हटलं, मी कुठं खाल्ली? ती म्हणाली, “हो, तेही खरंच.” आणि वाट बघत राहिली. मग मला सांगावंच लागलं की मीठ जास्त असतं.

भाद्रपदात पहिलं वाळूक तडकलं. बाबांनी मान वर केली. सावित्रम्मांनी ते देठासकट तोडलं, हुंगलं, आणि अप्पांच्या हातात ठेवलं.

“रंभेला द्या.”

अप्पांनी चमचा शोधायला सुरुवात केली.

“चमचा कशाला? आहे तसं द्या.”

“पोटासकट?”

“पोटासकट. आणि सांगा, काकडीपासून लांब लाव म्हणावं. बारा वर्षं झाली म्हणावं.”

अप्पा दोन्ही हातांवर ते वाळूक घेऊन निवडुंगाला वळसा घालून गेले, ती शेणी नेली होती अगदी तसेच. पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. रंभाबाईच्या मळ्यात आवाज नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आठवड्यानं मी कुंपणावरून डोकावले. रंभाबाईच्या खोपटाच्या भिंतीवर एक नवी थापटी होती. तिच्यावर मधोमध कुंकवाचं मोठं बोट, त्याच्या खाली हळदीचं. सावित्रम्मा माझ्या शेजारी टाचा उंचावून बघायला लागल्या.

“रंभे, तीन बोटं नाही ओढलीस?”

रंभाबाई खुरपं थांबवून म्हणाली, “न्हाय बाई. राख लावली न्हाय म्या. तुज्या म्हाताऱ्याचा काय भरवसा, भगतीचा भाव आला तर हितं बी येऊन जाळंल!”

घरातून अप्पांचा खोकला आला. आणि लगेच, थोडा घाईघाईनं, थप-थप-सर्र.